वायरलेसवर गेलेला म्हातारा

लग्नानंतरचे चार महिने माझा नवरा माझ्याशी "जेवायला वाढ", "पाणी तापलं का" आणि "निघतो" याच्यापलीकडे काही बोलला नाही. आठ-दहा दिवस बोटीवर, मग दोन दिवस घरी, त्यातही अर्धा वेळ झोप आणि अर्धा वेळ जाळं शिवणं. मी माणगावला मावशीकडे राहून कॉलेज केलं, तिथे एक मिनिट गप्प बसले नव्हते, आणि माझ्या नशिबात हा मुका देव! सासू म्हणायची, "लहानपनापासून तसाच हाय तो." म्हटलं, असेल. पण याला बोलतं केलं नाही तर नाव बदलीन.

एका दुपारी तो ओट्यावर कानात वायर घालून मोबाईल बघत बसला होता. मी मागून डोकावले आणि ओरडलेच, "अय्या! तुम्ही पण हे बघता?" जपानी कार्टूनची मालिका होती, आम्ही पोरं तिला ॲनिमे म्हणतो. एक डोळा गेलेला म्हातारा तलवारबाज आणि त्याच्याकडे शिकायला आलेली उर्मट पोरगी, अशी गोष्ट. कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आम्ही तिच्यावरून कितीदा तरी भांडलो होतो. ज्यांनी मूळ चित्रांचं पुस्तक, म्हणजे मांगा, आधीच वाचलंय त्यांनी तोंडाला कुलूप लावायचं, असा तिथला नियम. मी नवऱ्याला म्हटलं, "ती पोरगी नुसती भाव खाते. खरा भारी तो म्हाताराच."

त्याने कानातली वायर काढली. "पोरीला काय बोलायचं न्हाय हां," म्हणाला, आणि पुढे अर्धा तास बोलतच राहिला. चहा गार झाला. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम त्या पोरीला आणखी चार नावं ठेवली.

मालिकेचा नवा भाग रविवारी येतो, आणि रविवारी हा बहुतेक वेळा समुद्रात, जिथे मोबाईलला रेंज नाही. म्हणून आमचं ठरलं, मी बघायचं आणि तो परत आला की सांगायचं. गोष्ट तो नंतर स्वतः बघायचाच. त्याला ऐकायचं असायचं ते वेगळं. "तू काय केलंस ते सांग. ओरडलीस? कुठं?" मग मी घरभर नाचून सगळं करून दाखवायचे आणि सासू कपाळाला हात लावायची.

असे काही महिने मजेत गेले. मग एका रविवारी तो म्हातारा मेला. हातातले बोंबील टोपलीत टाकून मी ढसाढसा रडले. नवरा दोनच दिवसांपूर्वी गेलेला. अजून आठवडाभर हे पोटात ठेवायचं? शक्यच नव्हतं. चपला घातल्या आणि तडक जेटीवर मच्छीमार सोसायटीच्या खोलीत गेले. तिथे बोटींशी बोलायचा वायरलेस असतो, आणि तिथला माणूस जेवायला गेला होता. मी बटण दाबून आमच्या बोटीला हाक मारली. नवरा बोलायला आला.

"अहो, म्हातारा गेला हो!" एवढं म्हटलं आणि मला परत हुंदका आला.

तिकडून खरखरीतून याचा जड झालेला आवाज, "कसा गेला?"

"उभ्याउभ्या गेला हो," मी सांगायला लागले, तेवढ्यात दुसरी कुठली तरी बोट मध्येच बोलायला लागली आणि आमचं बोलणं तुटलं. तरी मन हलकं झालं. घरी येऊन मी बोंबील वाळत घातले.

वायरलेसवर एक जण बोलतो आणि सगळा समुद्र ऐकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या कोळीवाड्यात कोणी वारलं की मासेमारी बंद. जी बोट जवळ असेल तिने जाळं ओढायचं आणि माघारी यायचं. आता घरची सून हुंदके देत "म्हातारा गेला" सांगतेय म्हटल्यावर कोण कशाला विचारील, कुठला म्हातारा? नवऱ्याने बिचाऱ्याने घसा फोडून सगळ्यांना सांगितलं, "कोनी गेलं न्हाय, फिरू नका." पण सांगताना त्याचे डोळे वाहत होते. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणाला, "पोरगा शुद्धीत न्हाय, सांभाळा त्याला." आणि बोट वळवली.

दिवस मावळायच्या आत सहा बोटी जेटीला लागल्या. माझे सासरे तिथेच विडी ओढत बसले होते. एवढ्या बोटी अवेळी येताना बघून ते धडपडून उठले आणि ओरडले, "आरं, कोन गेला रं?" पहिल्या बोटीतून उतरणारा खलाशी त्यांना बघून पाण्यात पडायचाच बाकी राहिला. आज हसू येतं. तेव्हा नाही आलं.

सगळा कोळीवाडा जमला. डिझेल फुकट गेलं, मासळी गेली, वर जिवंत माणसाला मारून ठेवलं! सासू म्हणाली, "हिचा मोबाईल खाडीत टाका." शेजारची एक म्हातारी म्हणाली, "दोघांची पन ती कार्टुनं बंद करा." शिव्या मी मुकाट खाल्ल्या, त्या माझ्याच होत्या. पण नवरा मान खाली घालून उभा होता. इतक्या खटपटीने उघडलेलं तोंड आता लाजेने कायमचं मिटणार! ते मी होऊ देणार नव्हते.

मी पदर खोचला आणि पुढे झाले. "चूक माझी. सगळ्यांची माफी मागते. गोष्टी सांगायला पुन्हा वायरलेसला हात लावणार नाही. पण आम्ही दोघं बघणार, आणि बघून झाल्यावर बोलणार. ते बंद होणार नाही, आत्ताच सांगते." मी जागची हलले नाही.

तांडेल नवऱ्याकडे वळला. "तुला ठावं व्हतं ना, बापूस जिता हाय? मंग बोटीवर रडत का व्हतास?"

मला वाटलं, संपलं. आता हा खांदे उडवून घरची वाट धरणार.

नवऱ्याने मान वर केली. "म्हातारा चांगला व्हता, काका," तो म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं. हा थांबला नाही. म्हाताऱ्याचा डोळा कसा गेला, पोरीला त्याने वर्षभर तलवार न देता नुसतं पाणी कसं भरायला लावलं, पहिल्यापासून सगळं सांगायला लागला, हातवारे करत, अख्ख्या कोळीवाड्यासमोर. सासू तोंडावर पदर धरून ऐकत होती. आपल्या लेकाला इतकं बोलताना तिने जन्मात बघितलं नव्हतं.

सासऱ्यांची विडी विझली होती. "मंग?" ते म्हणाले. "मेला कसा?"

"ते मला पन पुरतं ठाऊक न्हाय. बोलनं मध्येच तुटलं," नवरा म्हणाला, आणि सगळ्यांदेखत माझा हात धरून त्याने मला शेजारी उभं केलं. "आता ही सांगेल. आनि सांगताना रडली, तर रडू द्या तिला."