कळवणच्या वहीतला दाखला

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवाकडे निघालेच नव्हते, एका बॅगेच्या शोधात निघाले होते. तीन वर्षांपूर्वी परराज्यात कामाला गेलेले माझे यजमान, माझ्या लेकीचे, ऋतुजाचे बाबा, तिथल्या बाजारात झालेल्या दहशतवादी हल्ल्यात गेले, आणि त्या दिवसापासून मी नाशकातल्या इंदिरानगरच्या आमच्या घरातल्या देवघरात दिवा लावणं सोडलं होतं. गडावरच्या आईशी, आमच्या कुलदेवीशी, मी चक्क अबोला धरला होता. जिथे त्यांची दशक्रिया झाली, त्या नदीकाठच्या रामकुंडावर वर्षश्राद्धालाही पाय ठेवला नाही. माझा स्वभाव आहे तसा, रुसले की रुसले.

ऋतुजाला नर्सिंगला प्रवेश मिळाला. अशा हल्ल्यात आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती असते, तिचा अर्जही भरला. शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले असताना कार्यालयातले साहेब म्हणाले, "हल्ल्यात मृत्यू झाल्याचा तिकडच्या पोलिसांचा मूळ दाखला लागेल." तिकडे फोन केला, तर तो कागद सामानाबरोबरच पाठवला होता म्हणाले; दुसरी प्रत निघायला काही महिने लागणार होते. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पोलिसांकडून आलेली ती बॅग उघडून बघण्याची माझी छाती झाली नव्हती. गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू आमच्यात दान करतात, म्हणून दशक्रियेला मी ती तिथल्या गुरुजींना तशीच देऊन टाकली होती. ऋतुजा म्हणाली, "आई, राहू दे. मी दुकानात कामाला लागते." मी तिला म्हटलं, "तू गप्प बस, अजून दोन दिवस आहेत." आणि चपला घातल्या.

रामकुंडावर मी तिघा गुरुजींना विचारलं, ती बॅग कुणाकडे गेली असेल. विधी दिरांनी ठरवले होते, ते आता परदेशात, त्यांचा फोन लागत नव्हता. त्या वेळच्या गुरुजींचं नाव मला आठवेना, चेहराही नाही. प्रत्येक जण एकच विचारी, "कुठले तुम्ही?" मी म्हणे, इंदिरानगर. ते मान हलवत. शेवटी पायरीवर बसून गडावरच्या आईला मनातल्या मनात चांगलं फैलावर घेतलं. माझं नेलंस ते नेलंस, पोरीचं तरी ठेव म्हटलं. आणि रडू फुटलं.

शेजारी फुलं विकणाऱ्या बाई बघत होत्या. म्हणाल्या, "कोणतं गाव, ताई?"

"इंदिरानगर."

"ते नाय वो! मूळ गाव सांगा. इथं गावावरून गुरुजी ठरत्यात."

नाशकात इतकी वर्षं राहून ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी म्हटलं, "कळवण." बाईंनी हातातला हार खाली ठेवला आणि मला थेट गल्लीतल्या एका घरापर्यंत सोडलं.

तिथल्या वयस्कर गुरुजींनी कळवणच्या घराण्यांच्या पिढ्यांची नोंद असलेली वही काढली. आमच्या घराण्याचं पान उघडलं, तर तिथेच प्लास्टिकच्या पिशवीत एक लिफाफा. "बॅग एका गरजूला दिली. आधी कप्पे तपासले, त्यात हा होता. सरकारी कागद, कसा टाकणार? वर्षश्राद्धाला याल तेव्हा देऊ म्हटलं. आमच्या वहीत गाव असतं, मोबाइल नसतो."

मी वर्षश्राद्धाला गेले असते, तर तो केव्हाच मिळाला असता. मी अबोला धरला होता, गडावरच्या आईने नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

गुरुजींनी पेन पुढे केलं. "आलाच आहात, तर नोंद करा. मुलीचं नाव राहिलंय." त्या पानावर पिढ्यान्‌पिढ्यांची पुरुषांचीच अक्षरं होती. तिच्या बाबांच्या नावाखाली मी ऋतुजाचं नाव लिहिलं. "काय करते?" त्यांनी विचारलं. अर्ज अजून द्यायचा होता, मंजुरीचं कुणी सांगावं? तरी हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, पुढे शिष्यवृत्तीही मिळाली. पण वहीत नोंद केली त्याच संध्याकाळी घरी येऊन मी दिवा लावला होता. शरण जायचं म्हणजे हातपाय गाळायचे, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपण रागारागाने का होईना चालत राहावं, दार उघडणारी उघडते. त्या फुलवाल्या बाई मला पुन्हा भेटल्या नाहीत, पण रोज दिवा लावताना त्यांना हात जोडते. आणि कळवणच्या वहीत, मंजुरी मिळण्याआधी माझ्या हाताने लिहिलेले ते दोन शब्द आहेत: शिकते आहे.