अहवालातील शर्टाची बटणे

नोकरीत हजारो कागद हाताखालून गेले. त्यातले बहुतेक विसरलो, पण एक वाक्य अजून पाठ आहे. 'रुग्णाने अंगातील शर्टाची बटणे उजव्या हाताने विनासायास काढली व पुन्हा लावली.' मूळ वाक्य इंग्रजीत होते. ते एकाच वैद्यकीय अहवालात असते, तर माझ्यापर्यंत कधी आलेच नसते. ते सात अहवालांत होते. निदान मला तसे सांगण्यात आले.

निवृत्तीला वर्षभर उरले होते. मी सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत असताना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा लखोटा आला. कोर्टात दाखल झालेल्या खोट्या कागदाबद्दल पोलिसांना आपल्या मनाने गुन्हा नोंदवता येत नाही. इथे न्यायाधिकरणानेच चौकशी आमच्याकडे सोपवली होती. विमा कंपनीच्या बाजूने अहवाल देणारे हाडांचे एक डॉक्टर जखमींना न तपासताच लिहितात, असा अर्ज एका वकील बाईंनी केला होता.

मी त्यांना बोलावून घेतले. वकिलीला चार-पाच वर्षे झाली असतील. त्यांचा अशील यंत्रमाग कामगार होता. सायकलवरून कारखान्यात जाताना टेम्पोने उडवले आणि उजव्या हाताचे मनगट व बोटे निकामी झाली. डॉक्टरांच्या अहवालात मात्र हात ठीक असून माणूस ढोंग करतो आहे, असे लिहिले होते. बाईंनी आपल्या सीनियरांच्या जुन्या फायलींतून त्याच डॉक्टरांचे अहवाल काढले, जखमींची नावे झाकली आणि अशिलाच्या अहवालासह सातही एआयला वाचायला दिले. सातांतही तेच बटणांचे वाक्य आहे, असा तक्ता त्याने करून दिला.

"हे अहवाल तुम्ही आधी वाचले नव्हते?" मी विचारले.

"वाचले होते सर. पण एका खटल्यात एकच अहवाल असतो. तो वाचला की खराच वाटतो. दोन खटल्यांचे कागद शेजारी कोण ठेवतं?"

मी केम गावच्या शाळेत शिकलो. घरात पदवी घेणारा पहिला मीच. गुरुजींनी इंग्रजी ओळीखाली बोट ठेवून शिकवले आणि त्यांचे उपकार मी आजही मानतो. त्याच सवयीने शब्दकोश शेजारी ठेवून दोन दिवस सातही अहवाल वाचले. सहांमध्ये ते वाक्य होते. सातवा अहवाल दुसऱ्याच डॉक्टरांचा निघाला आणि त्यात बटणांचा उल्लेखही नव्हता. चुकून मिसळलेला तो अहवालही एआयने बेधडक तक्त्यात घातला होता.

मी बाईंना फोन करून ते सांगितले. त्यांनी तो अहवाल पुन्हा उघडून पाहिला. "माझी चूक झाली सर. मी एकेक पडताळायला हवा होता."

"हा एक अहवाल धरून समोरच्या वकिलांनी बाकीचे सहा बुडवले असते," मी म्हणालो. सातवा बाजूला काढला.

मग कामगाराचा जबाब घेतला. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला, पन्नाशीचा, बोलायला साधा. ठाण्यातल्या रिवाजाप्रमाणे आधी चहा दिला. त्याने ग्लास उजव्या हाताने उचलला. ते मी टिपले. खरे सांगायचे तर त्या क्षणी माझा विश्वास डॉक्टरांवर बसला.

त्याला माझी नजर कळली असावी. "साहेब, ग्लास तळहातात बी राहतो," तो म्हणाला. "तुटलेला धागा जोडायला बोटाची टोकं लागतेत. तीच ऐकत न्हाईत."

"शर्टाची बटणं कोण लावतं?"

"बायको. लग्नात पण एवढी जवळ आली नव्हती." तो हसला. मग खाली बघत म्हणाला, "कारखान्यात पोरं मला हिरो म्हणतेत. 'काय हिरो, कोर्टात ॲक्टिंग जमली न्हाई व्हय?' तीस वर्षं काम केलं तिथं. तेवढं ढोंगी म्हणलेलं निघालं पायजे साहेब."

डॉक्टर साहेबांना भेटायला मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. वयाने मोठे, बोलणे मऊ. त्यांनी मला बसवले, वाक्य वाचले आणि चष्मा काढला.

"तपासणी एकाच पद्धतीची, म्हणून शब्दही तेच. तुमच्या पंचनाम्यांत काय वेगळं असतं निरीक्षक साहेब? पंच बदलतात. वाक्यं तीच की."

मी अहवाल परत फायलीत ठेवला. ते म्हणत होते ते खरे होते. जुना पंचनामा समोर ठेवून नवा लिहायची पद्धत आमच्याकडे मी रुजू झालो तेव्हापासून पाहत होतो. वाक्य सारखे असणे म्हणजे ते खोटे असणे नव्हे. एवढ्यावर न्यायाधिकरणाला काही पाठवता आले नसते.

आता एकच मार्ग उरला होता. कोर्टाच्या नोंदींवरून नावे काढून सहाही जखमींना घरी जाऊन भेटायचे. पहिल्या चौघांना नीट आठवत नव्हते. कुणी म्हणे डॉक्टरांनी हात धरला होता, कुणी म्हणे नुसते बघितले. पाचवा आमचा कामगार. सहावे नाव मंगळवेढ्याजवळच्या एका वस्तीवरच्या आजींचे होते. जीपच्या धक्क्याने त्यांचा खांदा व हात मोडला होता. एआयच्या तक्त्यात त्यांच्यापुढे 'स्त्री, वय ७१' असे लिहिले होते आणि तेच बटणांचे वाक्य. ते वाचून मलाही काही खटकले नव्हते.

मी आणि हवालदार तिथे पोचलो तेव्हा आजी अंगणात मांडीवर सूप घेऊन डाव्या हाताने ज्वारी निवडत होत्या. नऊवारी लुगडे आणि समोर गाठ मारलेली खणाची चोळी. मी उभ्या उभ्याच विचारले.

"आजी, डॉक्टरांनी तुम्हाला अंगातली बटणं काढाय लावली होती का?"

"कसली बटणं?"

"शर्टाची."

आजींनी सूप खाली ठेवले. "आरं बाबा, शर्ट घालतू आमचा म्हातारा. मी चोळीला गाठ मारती. आन ती बी आता सून मारती." मग हवालदारांकडे वळून म्हणाल्या, "ह्ये सायेब लई शिकल्यालं दिसत्यात."

हवालदारांनी तोंड फिरवून हसू आवरले.

"डॉक्टरांनी हात लावून बघितलं का?"

"न्हाय की. दारातनंच बघितलं, म्हणलं झालं, जावा. आमी आठ वाजल्यापास्नं बसल्यालो."

आजींचा जबाब घेतला, पंचांसमक्ष चोळीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टायपिस्टला ठाण्यात बोलावले. मी आवाज चढवला नाही. आजींचा अहवाल आणि फोटो त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. त्याने दोन्ही कागदांवरून दोन वेळा नजर फिरवली.

"डॉक्टर साहेब चिठ्ठीवर नाव, वय आणि हात डावा की उजवा, एवढंच लिहून द्यायचे," तो म्हणाला. "बाकीचं तयार असायचं. मी इंग्रजीतल्या 'ही'च्या जागी 'शी' केलं होतं. शर्टाचं ध्यानातच आलं नाही."

चिठ्ठ्या त्याने जपून ठेवल्या होत्या. त्या जप्त केल्या. त्यानंतर डॉक्टरांनी दुसरा जबाब दिला, त्यात पंचनाम्यांचा विषय नव्हता. न्यायाधिकरणाने सहाही अहवाल बाजूला ठेवले, जखमींची सरकारी रुग्णालयात नव्याने तपासणी करवली आणि डॉक्टरांवर पुढील कारवाई सुरू केली.

एआयने केले काय, तर कागद शेजारी ठेवले. ते आम्हालाही जमले असते. पण डॉक्टरांचा शिक्का दिसला की आमची नजर खाली जाते, आणि माझ्यासारख्या घरातून आलेल्याची जरा जास्तच. यंत्राला ती भीड नव्हती. मात्र मंगळवेढ्याची आजी काय नेसते हेही त्याला ठाऊक नव्हते, आणि न वाचलेला अहवाल वाचल्यासारखा सांगायलाही ते कचरले नव्हते. अंगणापर्यंत माणसालाच जावे लागले. त्या चौकशीनंतर जुना पंचनामा समोर ठेवून नवा लिहायचा नाही, असे मी ठाण्यात बजावले. "साहेब, वेळ लागंल," हवालदार म्हणाले. लागलाच.

निकालानंतर कामगार ठाण्यात आला. "ते ढोंगी म्हणलेलं निघालं का साहेब?"

आदेशाची प्रत कोर्टातून मिळेल, पण ती इंग्रजीत असेल, असे मी सांगितले.

"मग मराठीत एकदा म्हणा. पाठ करतो. कारखान्यात सांगाय लागंल."

मी म्हणालो, "अर्जदाराच्या हाताला झालेली इजा खरी आहे, आणि त्याने कोणतेही ढोंग केलेले नाही." त्याने ते माझ्यामागून तीनदा म्हटले, नमस्कार केला आणि बाहेर गेला. व्हरांड्यात त्याची बायको उभी होती. तिला तो तेच तेलुगूत सांगत होता. भाषा मला येत नव्हती, पण मध्ये अडखळून त्याने वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, एवढे कळले.