कलर मोठा की सिक्वेन्स

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पोकर खेळणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा गॉगल लावून गालातल्या गालात हसणारा कुणीतरी उभा राहतो. मी शिरूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. साप, मोकाट कुत्री, केंद्रप्रमुख आणि अनोळखी नंबरवरून आलेला फोन, या सगळ्यांना मी सारखाच घाबरतो.

पोकर मी फोनवर शिकलो. तेव्हा शाळा बंद होत्या, ऑनलाइन वर्ग सकाळीच उरकायचा आणि बाकीचा दिवस खायला उठायचा. सुरुवातीला थोडेफार पैसे लावले, पुढे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, ते ॲप बंद झालं आणि मी फुकटच्या चिप्सवर आलो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. फोनवर मी वाघ होतो. हातात दुर्री-सत्ती असली तरी सगळ्या चिप्स पुढे सारायचो आणि समोरचा कुठला कोण घाबरून पानं टाकून द्यायचा. त्याला माझं तोंड दिसत नव्हतं, बनियन दिसत नव्हता. बायको शेजारी मेथी निवडत बसलेली असायची. "फोनात काय खेळायचं ते खेळा, माणसांत बसू नका," एवढंच ती म्हणायची.

आणि मी माणसांत बसलो. डी.एड.च्या वेळचा माझा एक मित्र पाटसजवळ शेती करतो. चारी बाजूंनी ऊस आणि मधे विहिरीशेजारी पत्र्याची खोली. रविवारी दुपारी तिथं आम्ही चौघं जमायचो: मित्र, यवतचा एक औषध दुकानदार, मी, आणि दौंडचे एक मामा. मामा रेल्वेत पॉइंट्समन होते, आता रिटायर झालेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. प्रत्येकी दोनशे रुपये काढायचे आणि जिंकेल त्याने त्यातून पुढच्या रविवारचा रस्सा करायचा, असा आमचा जुगार. पण कायद्याला रस्सा समजवायला कोण जाणार?

न्हावरा सोडून मोटरसायकल भीमेच्या पुलावर आली की तालुका बदलतो. पलीकडे आपल्याला कोण ओळखतंय, असं मी स्वतःला दर वेळी सांगायचो आणि तरी हेल्मेटची काच खालीच ठेवायचो. तुम्ही त्या बातम्या वाचल्या असतीलच. 'जुगार अड्ड्यावर छापा, शिक्षकासह सात जण ताब्यात.' बाकीच्या सहांचा धंदा कुणी छापत नाही, मास्तर मात्र मथळ्यात. मग निलंबन, मग गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, मग पोरं शाळेत काय म्हणतील ते. एका बातमीत नोकरी जाते आणि माझ्याकडे नोकरीशिवाय दुसरं काही नाही.

एका रविवारी उसातून जीपचा आवाज आला. बाकीचे मान वर करेपर्यंत मी मागच्या दाराने उसात होतो. पाचटात पोटावर पडून राहिलो. आला होता कारखान्याचा चिटबॉय, तोडीची तारीख सांगायला. मित्र हाका मारून दमला तेव्हा मी बाहेर आलो. हातांवर, गालावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. घरी बायकोने विचारलं तर सांगितलं, मित्राच्या शेतात ऊस खायला शिरलो. "या वयात?" ती म्हणाली.

त्या खोलीत पोकर मीच आणलं. माझ्याआधी तिथं तीन पत्ती चालायची. आपल्याकडे दिवाळीला जो तो तीन पत्ती खेळतो, तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. म्हणजे लागोपाठचे तीन आकडे एकाच रंगाच्या तीन पानांना मारतात. पोकरमध्ये उलटं असतं. तिथं पाच पानांचा हिशोब, त्यात कलर मोठा आणि सिक्वेन्स लहान. हे तिघांच्या गळी उतरवताना मला घाम फुटला होता. शेवटी मी त्यांना पत्ते मांडून, मोजून दाखवलं, की तीन पानांत सिक्वेन्स कमी वेळा जमतो आणि पाच पानांत कलर कमी वेळा. जे दुर्मीळ ते मोठं. मामांनी शंभर पानी वही आणली होती. चष्मा लावून त्यांनी सगळं क्रमाने उतरवून घेतलं. "गुरुजी, गणित असं कुणी शिकवलं असतं तर मी तिकीट मास्तर झालो असतो," म्हणाले. मला फार बरं वाटलं. शाळेत इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही.

मग तो रविवार आला. कारखाना चालू होता, हवेत मळीचा वास होता. मी मोटरसायकल लावून आत गेलो तर माझ्या जागेशेजारी एक भरगच्च माणूस शेंगा फोडत बसलेला. "हा माझा मेव्हणा," मित्र म्हणाला, "पोलिसात असतो. सुट्टीवर आलाय. म्हटलं बसू दे पाचवा."

परत फिरावं तर संशय येणार, बसावं तर पुरावा तयार होणार. मी बसलो. तो माणूस बोलायला मोकळा होता, हसरा होता. "मागं एक अड्डा धरला आमी," तो शेंगा माझ्यापुढे सरकवत म्हणाला. "त्यात एक मास्तर घावला. रडला वो लहान पोरावानी. तुमी कुठल्या शाळंवर म्हनलात?" मी शाळेचं नाव सांगितलं. खोटं सुचलंच नाही. सगळे हसले आणि मीही हसलो.

नियम त्याला मित्राने घाईत सांगितले. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांसाठी पाच उघडी, सातांतली चांगली पाच धरायची. "म्हंजी तीन पत्तीचा थोरला भाऊच की," तो म्हणाला आणि खेळायला लागला.

तासाभराने तो डाव पडला. मी पहिल्याच फेरीत पानं टाकली होती, त्या दिवशी मी सगळेच डाव टाकत होतो. मित्र आणि दुकानदारही बाहेर पडले. मधे बदामाचा एक्का, बदामाची छक्की, किलवरची सत्ती, इस्पिकची अठ्ठी उघडी होती. शेवटचं पान बदामाची तिर्री आलं. मामांनी सगळ्या चिप्स पुढे केल्या. मामा कधीच असं करत नाहीत. मेव्हण्यानेही केल्या.

त्याने नव्वी-दश्शी दाखवली. छक्कीपासून दश्शीपर्यंत सलग. मामांनी बदामाची राणी आणि बदामाची चौकी ठेवली. पाच बदाम. डाव मामांचा होता, यात काडीची शंका नव्हती. पण मेव्हण्याने दोन्ही हातांनी चिप्स ओढल्या.

"सायेब, माझा कलर हाय," मामा म्हणाले.

"कलर घिऊन काय करायचं मामा? शिक्वेन हाय हितं."

"पोकरात कलर मोठा असतोय. ह्या गुरुजींनीच शिकिवलंय आमाला."

मेव्हण्याचे हात थांबले. तो माझ्याकडे वळला. "मग गुरुजीच सांगत्याल. मास्तर मानूस खोटं बोलायचा न्हाई. बोला गुरुजी, कलर मोठा का शिक्वेन?"

मित्र पत्ते पिसायला लागला. दुकानदार दाराबाहेर उसाकडे बघत होता. मला आठवतं ते मेव्हण्याच्या मिशीला चिकटलेलं शेंगदाण्याचं साल. या माणसाला माझी शाळा माहीत आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. याला राग आला तर हा एक फोन करेल आणि पुढच्या रविवारी चिटबॉय येणार नाही.

"सिक्वेन्स मोठा," मी म्हणालो.

मामांनी आपले बदाम बोटाने पुन्हा मोजले. म्हणून मीच आणखी बोललो, आणि ते न बोलतो तर बरं झालं असतं. "माझीच चूक झाली होती मामा. शिकवताना मी उलटं सांगितलं. नंतर लक्षात आलं, तुम्हाला सांगायचं राहिलं."

"अस्सं," मामा म्हणाले. त्यांनी पिशवीतून वही काढली, चष्मा पुसला. "मग हे खोडून वर लिहू का?"

"लिहा."

कलरवर त्यांनी सरळ रेघ मारली आणि वर नीट अक्षरात 'सिक्वेन्स' लिहिलं. इतकी वर्षं मी पोरांच्या वह्यांत लाल शाईने चुका दुरुस्त करत आलो. बरोबर असलेलं खोडायला मी कुणाला पहिल्यांदाच सांगितलं होतं, तेही माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

जेवण झाल्यावर हौदावर हात धुताना मेव्हणा माझ्याजवळ आला. "गुरुजी, मला काय नियम ठावं न्हाईत," तो म्हणाला. "उगा वाद नगं म्हनून इचारलं. तुमी कलर म्हनला असता तर दिलं असतं की मामाला. रस्सा तर सगळ्यांनीच खायचाय." पाठीवर थाप मारून तो बाजेवर जाऊन आडवा झाला आणि लगेच घोरायलाही लागला.

मी भीमा ओलांडून घरी आलो. पुढचे दोन रविवार ताप आल्याचं सांगून गेलो नाही. पोलिसांची भीती कुठल्या कुठे पळाली होती, तिच्या जागी आता मामांची भीती बसली. मामांना फोनवर फुकटच्या चिप्सचा खेळ मीच डाउनलोड करून दिला होता, रोज दुपारी ते त्यावर असायचे. आज ना उद्या त्यांना बदामाची पाच पानं लागणार, फोन त्यांना जिंकवणार आणि त्यांना माझं सगळं कळणार. फोन वाजला की मी आधी नाव बघायचो. मामांचं असलं की वाजू द्यायचो.

तिसऱ्या आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत पुन्हा त्यांचा फोन आला. मुख्याध्यापक शेजारीच बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून उचलावा लागला. मी व्हरांड्यात गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. माफी मागायची, सगळं खरं सांगायचं.

"गुरुजी, ताप गेला का?" मामांनी विचारलं. "मी कवाधरनं फोन करतुय. ते मोबाईलमधल्या खेळात चूक हाय बरं का. कलरला जितवत्यात. चारदा बघितलं."

"मामा, ते..."

"आवो ऐका तर. मी घरात सांगत व्हतो. म्हनलं, मानूस असावा तर आमच्या गुरुजीवानी. पोलिसासमोर, चौघात, माझी चूक झाली म्हनाले. मी पस्तीस वर्सं रेल्वेत काढली, सायबासमोर असं बोलायचं धाडस मला एकदा बी झालं न्हाई."

पोरं अंगणात ताटं घासत होती. मी खांबाला टेकलो.

"तवा तुमी त्या मोबाईलवाल्यांना कळवा," मामा म्हणाले. "नियम चुकलाय म्हनून. तुमच्यावानी कबूल करत्यात का बघू."

"कळवतो," मी म्हणालो.