तोंड दाखवून जा

“शर्टाची बटणं सोड,” मोठे सर म्हणाले.

मी आयसीयूच्या मधोमध उभा होतो. सकाळचा राउंड चालू होता. सरांच्या मागे दोन शिकाऊ डॉक्टर आणि मेट्रन, काचेपलीकडे पेशंटचे नातेवाईक. मी बटणं सोडली. सरांनी स्वतःच्या हाताने थर्मामीटर माझ्या काखेत खुपसला आणि ते पुढच्या पेशंटकडे वळले. मी तसाच उभा. दंड छातीशी दाबलेला, बनियन उघडं, अंगात हुडहुडी. शाळेत अंगठे धरून उभं केलेल्या पोरासारखा. पण मी पोर नव्हतो. नर्सिंगचा कोर्स पास झालेला, लग्न झालेला माणूस होतो.

सरांनी थर्मामीटर काढून उजेडाकडे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. “नॉर्मल.”

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अरे, हरसूलच्या डोंगरातली माणसं तुम्ही. नागलीवर वाढलेली. तुम्हाला कसला ताप? रेड्याला कधी ताप आलेला बघितलाय का कुणी?”

शिकाऊ डॉक्टर हसले. मेट्रन हसल्या. मीही हसलो. आज सगळ्यात जास्त लाज त्या माझ्या हसण्याची वाटते.

ताप खरा होता. पण खोलीतून निघून हॉस्पिटलपर्यंत यायला पायांत बळ हवं होतं, म्हणून निघताना पॅरासिटामॉल घेतली होती. गोळीने तिचं काम केलं. मी खोटारडा ठरलो.

नाशिकमधल्या त्या खाजगी हॉस्पिटलचा रिवाजच तसा होता. आजारी पडलात तर फोनवर रजा नाही. युनिफॉर्म घालून यायचं, राउंडच्या वेळी समोर उभं राहायचं, सगळ्यांदेखत ताप मोजून घ्यायचा. याला आमच्यात ‘तोंड दाखवणं’ म्हणत. आणि ताप निघाला तरी मेट्रन म्हणायच्या, “आता आलाच आहेस, तर एवढी ड्युटी काढून जा. बदली कोण देणार मला?” म्हणजे ताप नसला तर तुम्ही लबाड, आणि असला तर आलाच आहात.

त्या दिवशी मी ड्युटी काढली. ती ड्युटी मला अजून स्वप्नात दिसते. सिरिंजवरच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळत होत्या. औषधाचं नाव वाचायचो आणि हात पुढे करेपर्यंत विसरायचो. मरणाची भीती नव्हती. मी कुणाला तरी मारून टाकीन, ही भीती होती. अंगावर कुणीतरी गार ओला सदरा घालावा तशी. आपलेच हात आपल्याला परके वाटणं काय असतं, ते ज्याने तापात आयसीयूची ड्युटी केली त्यालाच कळेल. त्या दिवशी कुणी मेलं नाही. नशीब. त्यात माझं काही नाही.

वर्षं गेली. मी इन्चार्ज झालो. वाटलं, आता माणसात आलो. सर मला खांद्यावर हात ठेवून “आमचा ब्रदर” म्हणू लागले. आणि एक दिवस त्यांनी थर्मामीटर माझ्याकडे दिला. “ही पोरं-पोरी तुलाच जास्त ओळखतात. तूच बघत जा आता.”

मी बघायला लागलो. आता पाऱ्याच्या जागी टीक-टीक वाजणारं यंत्र आलं होतं, एवढाच फरक. मुली रिक्षातून उतरायच्या, भिंतीला धरत यायच्या, डोळे लाल. मी म्हणायचो, “हात वर कर.” एकदा एकीला उलटी झाली, तेव्हा तिच्या हातात फडकं मीच दिलं आणि म्हणालो, “पुसून घे आणि तीन नंबरच्या बेडला सलाईन लाव.” सरांचे शब्द माझ्या तोंडून माझे होऊन निघत. मी पोरींवर रागावायचो, कारण सरांना घाबरायचो. एवढंच होतं ते.

मग वैशाली.

वैशाली नामपूरची. वडील वारलेले, आई शेतमजुरीला. कामाला वाघीण. पेशंटला कूस बदलताना कुणाची मदत मागायची नाही. मला भाऊ म्हणायची. त्या सकाळी ती आली तेव्हा तिच्या ओठांना कोरड पडली होती. मी ताप मोजला. नॉर्मल.

“गोळी घेतली का?” मी विचारलं.

“घेतली भाऊ. नाहीतर बसमध्ये चढताच आलं नसतं.” मग ती जवळ आली आणि हळूच, घरच्या बोलीत म्हणाली, “माले लई थंडी वाजी राह्यनी भाऊ. हात थरथर करतात. आज पंपाचं काम नका देऊ मला. साधं काही पण द्या. मी लादी पुसते.”

गोळीने ताप कसा लपतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मला ते माझ्या काखेत शिकवलं गेलं होतं. तरी मी म्हणालो, “नॉर्मल आहे. बेड सांभाळ. सगळ्याच आजारी पडायला लागल्या तर आयसीयूला कुलूप लावू का?”

तिच्या वाट्याला त्या दिवशी पंचवटीतले एक काका होते. घाटावर हार विकायचे. साखर फार वाढली म्हणून भरती. त्यांना इन्सुलिनचा पंप लावायचा होता, ताशी दोन युनिट. वैशालीने ताशी वीस लावला. शून्याचं बटण दाबलं गेलं, तिला कळलं नाही. इन्सुलिनचा पंप लावताना दोघांनी बघायचा नियम असतो. दुसरा मी होतो. तिने हाक मारली, “भाऊ, जरा बघता का?” मी लांबूनच मान हलवली. राउंड यायची वेळ झाली होती आणि मला चादरी सरळ करायच्या होत्या.

काकांची साखर तळाला गेली. ते घामाने भिजले, मग गप्प झाले. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. जीव वाचला. डोकं गेलं. नंतर त्यांची मुलगी सांगायची, समोर झेंडूची फुलं ठेवली तर ते ती खायला लागतात. आयुष्यभर ज्याने फुलं ओवली तो माणूस.

संध्याकाळ व्हायच्या आत सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वैशाली बाहेर बाकावर बसली होती, अजून तापात. सर म्हणाले, “एकच प्रश्न. तिने तुला आजारी असल्याचं सांगितलं होतं का? नीट विचार कर. सांगितलं असेल तर तिला कामावर ठेवणारा तू.”

मी म्हणालो, “नाही सर. काही बोलली नाही.”

“लपवलं म्हणजे.”

“हो सर.”

दार उघडंच होतं. वैशालीने ऐकलं. ती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर नव्हती. नाशिकमध्ये तिला कुठेच घेईनात. ज्या हॉस्पिटलात जाईल तिथे तिचं नाव तिच्याआधी पोचलेलं असायचं. मी मात्र मानाने निवृत्त झालो. शाल, नारळ आणि सरांचं भाषण: “असा प्रामाणिक माणूस मिळणार नाही.”

काकांच्या मुलीने केस केली होती. ती रखडत राहिली. आता यंदा मला साक्षीचं समन्स आलं आहे. हॉस्पिटलचं म्हणणं तेच: सिस्टरने आजार लपवला, आमचा काही दोष नाही. कोर्टाने ते मान्य केलं, तर वैशाली कायमची संपली. आणि मी खरं बोललो, तर मी काय? पंप न बघता मान हलवणारा मीच.

समन्स आलं तसा मोठ्या सरांचा निरोप आला. गेलो. तेही म्हातारे झालेत. पण आवाज तोच. मला म्हणाले, “बसा.”

इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. पहिल्यांदा अहोजाहो. ज्या माणसाने तुम्हाला जन्मभर उभं ठेवलं तो बसा म्हणतो, तेव्हा समजावं की आता आपल्याकडून काहीतरी मोठं घ्यायचं आहे.

“आधी जे सांगितलं तेच सांगायचं,” सर म्हणाले. “वकील समजावून देतील. तुमचं वय झालंय, आता शब्द फिरवलात तर तुम्हीच अडकाल.” मग चहा पुढे सरकवत, अगदी मायेने, “सूनबाई आमच्याच प्रसूती विभागात आहेत ना? चांगली मुलगी आहे. टिकली पाहिजे.”

मी “बघतो सर” म्हणालो आणि चहा प्यालो. कपबशी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली.

घरी आलो. मुलगा अंबडच्या कारखान्यात, तो कामावर. सून रेखा ड्युटीला निघत होती. गाल तापाने तांबडे. मी कपाळाला हात लावला. चटका बसला.

“गोळी घे आणि झोप,” मी म्हणालो.

“गोळी आता नाही बाबा. आधी तोंड दाखवायचंय. आधी घेतली तर ताप निघत नाही, मग खोटं पाडतात.” ती चपला घालत हसली. “आता आम्ही हुशार झालोय. मोजल्यावर घेतो.”

ती स्कूटीवर बसली. तिचा तोल जरा गेला, तिने पाय टेकला आणि निघाली. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना हातात घ्यायला. मी फाटकाला धरून उभा राहिलो. हे मी थांबवू शकलो असतो. थर्मामीटर माझ्या हातात होता तेव्हा.

नंतर मी नामपूरला गेलो. वैशाली एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या खळ्यावर निवडणीला बसली होती. डोक्याला फडकं, बोटं कांद्याच्या सालींनी माखलेली. मला ओळखलं. हात थांबले नाहीत.

“आते काय लेवाले उनात भाऊ?” ती म्हणाली. आता काय घ्यायला आलात.

“घ्यायला नाही. माफी मागायला आलो.”

शेजारच्या बायका बघायला लागल्या. एकीने विचारलं, “कोण गं हा?” वैशाली म्हणाली, “मोठे साहेब आहेत. तापाचे साहेब.” बायका हसल्या. मी मान खाली घातली.

मग ती सडका कांदा बाजूला फेकत, शांतपणे, शुद्ध मराठीत बोलली. आयसीयूत बोलायची तशी. “माफीचं काय करू मी? ती घरी ठेवा. चूक माझ्या हाताने झाली, ते मी कोर्टात सांगणार आहे. मला ते काका रोज दिसतात. पण मी लपवलं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं होतं. तेवढं एक तुम्ही बोला. नाही बोलणार असाल तर पुन्हा इकडे येऊ नका.”

तिने पाणीही विचारलं नाही. बरोबर केलं.

परत आल्यावर मी सरांना फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला. ते म्हणाले, “काय रे, ठरलं ना?” पुन्हा अरेतुरे.

मी म्हणालो, “सर, वैशालीने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पंपही बघितला नाही. आणि तोंड दाखवायचा रिवाज तुमचा होता. हे सगळं मी बोलणार आहे.”

“तुला माणसात कुणी आणलं? विसरलास?”

“मी माणूसच होतो, सर.”

“तुझी सून...”

मी फोन ठेवला. ठेवल्यावर मोरीत जाऊन ओकलो. शूर बिर काही नाही मी. रेखाला रात्री सगळं सांगितलं. ती म्हणाली, “माझी नोकरी जाईल बाबा.” मी म्हणालो, “जाईल.” ती उठून आत गेली. अजून माझ्याशी बोलत नाही.

तारीख जवळ आली आहे. कोर्टाला माझं वय दिसणार नाही, गुन्हा दिसेल, आणि दिसावा. सरांचे वकील मला खोटारडा म्हणतील. म्हणू देत. एकदा खोटं बोललेला माणूस आहे मी, त्यांचं तेवढं खरं आहे. पण वैशालीने आजार लपवला नव्हता. तिने माझ्यासमोर उभं राहून सांगितलं, आणि मी तिला कामाला लावलं. हे वाक्य मी पाठ केलं नाही. ते बोलायला पाठांतर लागत नाही. घाबरत घाबरत जाईन, पण जाईन. आणि बोलून झाल्याशिवाय खाली बसणार नाही.