कारखान्यांचे कपडे आणि आमचं सॉफ्टवेअर

बोईसरला आमची लाँड्री आहे, पण घरगुती कपड्यांची नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांचे युनिफॉर्म आम्ही धुऊन, इस्त्री करून परत देतो. यात एक गोष्ट जिवापाड सांभाळावी लागते. रसायनाच्या विभागातले कपडे कँटीनच्या कपड्यांत मिसळता कामा नयेत. त्यांचं मशीनही वेगळं. दोनच कारखाने होते तोवर हे माझ्या डोक्यात राहायचं. कारखाने वाढले तेव्हा नवरा म्हणाला, "आता सॉफ्टवेअर घेऊ या."

माझी धाकटी नणंद पालघरला राहून सॉफ्टवेअरचंच काम करायची. ती म्हणाली, "दादा, मी बनवून देते. तुमच्या कामाच्या मापाचं."

नवऱ्याने विषय टाळला. नंतर मला म्हणाला, "घरच्या माणसाचं काम चुकलं तर बोलायचं कुणाला? तयार मिळतंय, इतके लोक वापरतात, तेच घेऊ." मलाही पटलं. नणंद त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे आली नाही.

तयार सॉफ्टवेअर दिसायला छान होतं. शर्ट, साडी, पडदा, सगळ्यांची चित्रं. विभाग लिहायला मात्र जागाच नव्हती. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "मॅडम, शेऱ्यात लिहा ना." शेरा स्क्रीनवर दिसायचा, कपड्याला लावायच्या चिठ्ठीवर छापून यायचा नाही. आणि मशीनवरची माणसं चिठ्ठीच बघतात.

एका दुपारी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासणारी एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. डोंगराकडच्या पाड्यावरची. तिची मान लालभडक झाली होती.

"ताई, तुमी धुतलेला कपडा घातला न् आग आग झाली. तसाच घालून घरी गेले, पोरीला उचलली. तिला पन उठलंय बघा."

मी दोघींना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. मुलगी गाल खाजवत होती आणि आई तिचे हात धरून बसली होती. वाटेत तिने एवढंच विचारलं, "मी सांगितलं म्हनून माझं काम तर नाय ना जानार?" महिन्याभरात दोघी बऱ्या झाल्या, तिचं कामही टिकलं. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

त्याच दिवशी सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. "आपली सूचना नोंदवली आहे," पलीकडून उत्तर आलं. मी ओरडले, तर फोन बंद.

संध्याकाळी नवऱ्याने स्वतः बहिणीला फोन केला. ती रविवारी आली. टोमणा मारला नाही. "वहिनी, आधी मला काम बघू दे," म्हणाली आणि दिवसभर मशीनपाशी उभी राहिली. तिने बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये विभाग निवडल्याशिवाय चिठ्ठी छापलीच जात नव्हती. त्यानंतर कपडे कधी मिसळले नाहीत. मला वाटलं, सुटलो.

मग तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. काही बिघडलं की फोन करायचा, ती तिथूनच दुरुस्त करायची. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी चिठ्ठ्या छापणंच बंद झालं, आणि नणंद बाळंतपणासाठी हॉस्पिटलमध्ये होती. नवऱ्याने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. चिठ्ठीशिवाय कपडे पुन्हा मिसळायची भीती, म्हणून आम्ही कारखान्यांना कळवलं की कपडे आज मिळणार नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. एका कारखान्याने आमचं काम थांबवलं, ते कायमचंच.

बाळ मांडीवर घेऊन तिने सगळं सुरू करून दिलं. मग म्हणाली, "वहिनी, मी कुठवर पुरणार तुम्हाला? दुसरा कुणी बघा, मी त्याला समजावून देईन."

आम्ही शोधतोय. आतापर्यंत दोघं येऊन गेले. पहिला म्हणाला, "दुसऱ्याने लिहिलेल्यात मी हात घालत नाही." दुसऱ्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "हे काढून टाका, बाजारात तयार मिळतं ते घ्या."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्या माणसाला म्हटलं, "नको." पण मग काय करायचं, ते मला अजून ठाऊक नाही.