कळंबच्या त्या घरात माणसं किती?

विलासने फोन करून माझी तब्येत विचारली, आणि तिथेच मला संशय आला.

विलास माझ्या धाकट्या बहिणीचा, यमूचा, एकुलता एक मुलगा. नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहतो. मावशी जिवंत आहे की नाही ही चौकशी तो गणपतीत एकदाच करतो. यंदा ती अवेळी झाली. गुडघे कसे आहेत, जेवण जातं का, सगळं विचारून झालं आणि मग हळूच म्हणाला, "मावशी, आईला चार दिवस माझ्याकडे नेतोय. ती ऐकत नाही. तू जरा सांग ना तिला."

म्हटलं, सांगते. फोन ठेवला आणि नातीला यमूचा नंबर लावायला सांगितला. ती म्हणाली, "बाय, शाळेची बाई येनार हाय, घरं नि मानसं मोजायला. आणि नेमका तवाच हा मना न्यायला येतोय."

ऐकलंत? जनगणनेची माणसं दारात येणार त्याच दिवशी घराला कुलूप. मी त्या नातीला, स्नेहलला, म्हटलं, तुला प्रवासाचं लिहायला नवं ठिकाण हवं होतं ना, चल यमूकडे, कळंबला. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते, ती टाइप करते. मधेच हसते तेव्हा काहीतरी गाळते असा मला संशय आहे.

तर आमचं निघणं उमेळ्याहून. माझं माहेर उमेळं, सासरही उमेळंच. मी पदर खोचून एकाच गावात बसून राहिले, पण माझा पत्ता भारी फिरला. जन्मले तेव्हा जिल्हा ठाणे होता, आता पालघर. तेव्हा पंचायत होती, आता महापालिका. वाडीत केळी होत्या तिथे आता सात मजल्यांची इमारत आहे आणि तिच्या फाटकावरचा पोरगा मलाच विचारतो, "आजी, किधर जाना है?" मी त्याला म्हणते, तुझ्याआधी आले रे बाबा.

तुम्ही येणार असाल तर सरळ मार्ग असा: नालासोपारा पश्चिमेला उतरा, तिथून कळंबकडे बस आणि रिक्षा मिळतात. रिक्षाचे पैसे बसायच्या आधी ठरवा, उतरताना ठरवलेत तर तो तुमचा चेहरा बघून ठरवेल. रविवार टाळा. पण आम्ही स्कूटरवरून लांबच्या वाटेने गेलो, कारण यमूच्या घरी मी रिकाम्या हाताने कधी गेले नाही आणि मासळी घ्यायची तर पाचूबंदरलाच.

पाचूबंदरला सकाळी लवकर पोचा. किल्ल्याच्या कडेने गेलं की आधी वास येतो, मग आवाज, मग धक्का दिसतो. होड्या लागलेल्या, टोपल्या उतरतायत, लिलाव चाललेला. शहरातली माणसं तिथे मोबाइल वर धरून उभी राहतात आणि कोळणींच्या वाटेत येतात. तसं करू नका, पाय तुडवला जाईल आणि चूक तुमचीच असेल. मी बोंबलाच्या वाट्यापुढे बसले. कोळीण म्हणाली, "ताजं हाय गो आजी, आत्ताच उतरलंय."

"आत्ता म्हणजे आजचं आत्ता की कालचं आत्ता?"

"तुझ्या सुनेला पन असंच विचारतेस?"

"सून मला विकत काही देत नाही."

ती हसली आणि वरून दोन बोंबील घातले. फुकट घातले म्हणून मी ते उलटून पाहिले. चांगले होते. कोलंबी पण घेतली.

पुढे गिरीज, भुईगाव, निर्मळ. हा रस्ता मात्र हळू जाण्यासारखा आहे. केळीच्या वाड्या, विहिरी, वळणावळणावर क्रूस, त्यांना ताज्या फुलांच्या माळा. निर्मळच्या तळ्याकाठी आम्ही टेकलो, पाव आणि भजी खाल्ली. स्कूटरवर एका बाजूने बसून माझी कंबर दुसऱ्या तालुक्यात गेली होती.

तिथून पुढे कुठेतरी महापालिका संपते आणि ग्रामपंचायत लागते. कळंब पंचायतीत आहे. स्नेहल मोबाइलवरच्या नकाशात रेघ शोधत होती, म्हणाली, "आजी, बॉर्डर इथेच कुठेतरी आहे." मी रस्त्याकडे पाहिलं. रेघ कसली, एक कुत्रं आडवं झोपलं होतं. कडेला एक बाई मोगऱ्याचे गजरे विकत बसली होती. तिला विचारलं, तुमचं घर गावात की शहरात?

"इकते ती शहरात, झोपते ती गावात," ती म्हणाली. "कोनी मत मागाया आला की कलतं मी कुनाची ते."

तिच्याकडून यमूसाठी गजरा घेतला. यमूला गजरा नको असतो, पण मिळाला नाही तर राग येतो.

कळंबला सुरूच्या झाडांमागे समुद्र आहे, काळसर वाळू आहे, आणि आता सगळीकडे कॉटेजेस आहेत. वीकेंडला मुंबईची माणसं येतात, गाणी लावतात, जाताना बाटल्या ठेवून जातात. यमूचं घर या कॉटेजच्या रांगेच्या अगदी टोकाला आहे: कौलारू, पुढे अंगण, मागे दोन माड, आणि माडांच्या मागे सरळ समुद्र. समुद्राला इतकं खेटून घर आज कोणी बांधू म्हटलं तर परवानगी मिळणार नाही. म्हणूनच त्यावर लोकांचा डोळा, आणि मला घोर.

आत जाण्याआधी मी मुद्दाम शेजारच्या कॉटेजपाशी शहाळं प्यायला थांबले. मालक खुर्चीत बसला होता, गळ्यात साखळी. मी भोळा चेहरा केला. तो मला चांगला जमतो.

"काय रे बाळा, ते कौलारू घर कोणाचं? आम्हाला भाड्याने खोली हवी होती."

"ते? ते बंद असतं आता, आजी. म्हातारी मुलाकडे शिफ्ट झाली. माझं बोलणं चालू आहे त्यांच्याशी, पुढच्या सीझनला या, स्विमिंग पूल असेल तिथे."

बंद असलेल्या त्या घराच्या स्वयंपाकघरातून धूर निघत होता. मी म्हटलं, "हो का," आणि पैसे दिले. शहाळं आंबट होतं, किंवा मला तसं लागलं.

यमू दारात आली. "आलीस गो बाय? बोंबील आनलेस? बघू, कुजके नाय ना?" आमच्या घराण्यात संशय दोघींनाही सारखाच वाटून दिलाय. मी कॉटेजवाल्याचं बोलणं तिला सांगितलं. ती कोलंबी सोलत राहिली. मान वर न करता म्हणाली, "विलास तसा नाय."

"कसा नाही?"

"मना काय म्हाईत. तसा नाय एवढंच."

मग आम्ही जेवलो. बोंबलाचं कालवण असं झालं होतं की स्नेहलने लिहिण्यासाठी काढलेला फोटो खाऊन झाल्यावरचा आहे.

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशीची मजा कळायची नाही. आमच्याकडे कोंबड्या मोजतात, नारळ मोजतात, माणसं मोजत नाहीत. दृष्ट लागते. परका दारात येऊन घरात किती जण विचारू लागला तर घर भरलेलं आहे असंच सांगायचं. आणि बाईमाणसाने "मी एकटी आहे" हे तर तोंडातून काढायचंच नाही. विधवेने तर मुळीच नाही. आमच्या आईने आम्हाला हे केस विंचरता विंचरता शिकवलं. यमूचा नवरा वारल्यापासून ती आजवर दारातल्या माणसाला "ते मागं वाडीत हायेत" असंच सांगत आलीय. भंगारवाल्याला वाटतं तो मनुष्य भारी कष्टाळू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास गाडी घेऊन आला. मला बघून त्याचा चेहरा जरा उतरला, पण पाया पडला. "मावशी, बरं झालं आलीस. आईची बॅग भर ना."

"एवढी घाई का रे? समुद्र कुठे पळून चाललाय?"

"घाई नाही गं. उकाडा वाढलाय, तिकडे एसी आहे."

"मग आजच बरा वाढला उकाडा."

यमू चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात फाटक वाजलं आणि शाळेच्या बाई आल्या. तरुण होत्या, डोक्यावर ओढणी, हातात मोबाइल, घामाने डबडबलेल्या. दोन पाडे पायी करून आल्या होत्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि विचारलं, "या घरात किती माणसं राहतात?"

विलास पटकन पुढे झाला. "मॅडम, इथे कोणी राहत नाही. आई माझ्याकडेच असते, नालासोपाऱ्याला. हे बंद घर धरा."

आतून यमू कपबशा घेऊन आली. परका दारात आणि प्रश्न माणसांचा, तिच्या तोंडून आपोआप निघालं, "पाच जन हाव आमी. मी, ह्यो पोरगा, सून, दोन नातवंडं. घर भरलेलं हाय."

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "काका म्हणतात कोणी नाही, आजी म्हणतात पाच. मी काय भरू?"

मला बोलायचं होतं. जीभ तोंडात माशासारखी उड्या मारत होती. पण घर यमूचं, मुलगा यमूचा. शिवाय स्नेहलने माझा हात दाबून धरला होता.

विलास म्हणाला, "आई, काहीतरी बोलू नको. आम्ही पाचही जण तिकडे मोजले जाणार आहोत."

"मंग मी तिकडं कवा राहते?"

"राहणारच आहेस ना आता."

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "आजी, याने घर कोणाचं ते ठरत नाही, जागेचे कागद वेगळे असतात. घाबरू नका. मला फक्त खरं सांगा. रोज इथे कोण जेवतं, कोण झोपतं?"

यमू खाली बसली. हातातली बशी तिने ओट्यावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. मला कळत होतं तिच्या जिभेवर काय अडलंय. पाच म्हटलं तर खोटं, आणि मुलगा ते इथेच खोडणार. कोणी नाही म्हटलं तर कुलूप, आणि कुलपामागे पाण्याची टाकी, पोहायची. मधलं एकच उत्तर उरलं होतं, आणि ते आईने बोलू नको म्हणून सांगितलेलं.

"मी," ती म्हणाली. मग विलासकडे न बघता, अगदी हळू, "मी एकटीच राहते बाई इथं. रोज."

बाईंनी भरलं. "कुटुंबप्रमुख?"

विलासने तोंड उघडलं. यमूने त्याच्याआधी स्वतःचं नाव सांगितलं, आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, जसं शाळेत हजेरीला सांगतात तसं. ती शाळेत कधी गेली नाही.

बाई पुढच्या घराकडे गेल्या. विलास फाटकाला टेकून उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेले आणि भोळा चेहरा न करता विचारलं, "कॉटेजवाल्याला काय बोललास?"

"नक्की असं काही नाही," तो म्हणाला. "तो मागे लागला होता. मी म्हटलं, आई माझ्याकडे आली की बघू." मग डोळे पुसल्यासारखं करून म्हणाला, "मावशी, रात्री हिला काही झालं तर कोण आहे इथे? लोक विचारतात, आईला एकटी का ठेवलीस. मला सांगता येत नाही."

यातलं किती खरं, किती बनाव? मला वाटतं अर्धं-अर्धं. डोळे मात्र खरंच ओले होते. मी जवळून बघितले. यमूने त्याला जेवू घातलं. उरलेलं कालवण त्यालाच वाढलं, आम्हाला लोणचं. आया अशाच असतात, म्हणून मुलं बिघडतात. दुपारी तो एकटाच गाडी घेऊन परत गेला. बॅग घडवंचीवर रिकामी राहिली.

आम्ही संध्याकाळच्या आत निघालो. तुम्हीही निघा, अंधार पडल्यावर त्या बाजूला रिक्षा मिळायला वेळ लागतो. समुद्र आम्ही नीट बघितलाच नाही, मागच्या दारातून दिसला तेवढा. स्नेहल म्हणते, असं कसं लिहू, लोक बीचसाठी वाचतात. म्हटलं, लिही, पाणी खारट होतं.

उमेळ्याला आमच्याकडेही मोजणी झाली. माझ्या मुलाने फटाफट सगळं सांगून टाकलं. मी विचारलं, माझ्यापुढे काय लिहिलं? म्हणाला, "प्रमुखाची आई." तिकडे धाकटी प्रमुख झाली आणि मी इकडे कोणाची तरी आई. दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही. त्याला कारण कळलं नाही, म्हणून आणखी एक दिवस.

काल यमूचा फोन होता. कॉटेजवाला स्वतः दारात आला होता, हातात मिठाईचा पुडा. विचारत होता, मावशी, घरात कोण आहे?

"काय सांगितलंस? मागं वाडीत हायेत?"

"नाय गो. सांगितलं, मी हाय. बोल काय ते माझ्याशी."

"मग?"

"मंग काय, पुडा घेतला आन दार लावलं."

विलासही आता दर शनिवारी येतो म्हणे, पोरांना घेऊन, राहायला. माडाला पाणी घालतो, कौलं चाळून दिली. यमू खूश आहे. आईवरची माया असेल. नसेल असं मी म्हणत नाही. पण कौलं चाळताना त्याने घर कुठून कुठवर आहे ते पावलांनी मोजलं का, एवढं मी तिला लक्ष ठेवायला सांगितलंय. ती म्हणाली, "मी आधीच बघितलं. नाय मोजलं."