पायांकडं बघून वाजवणारा मास्तर

बाजा वाजवताना आमचे मास्तर कधी वर बघत नसत. नवख्या माणसाला वाटे, यांचं काहीतरी खाली पडलंय.

मास्तर सर्कशीतले. प्लेगात त्यांची सर्कस बार्शीला मोडली आणि मास्तर आपलं कॉर्नेट, म्हणजे तोंडानं फुंकायचा पितळी बाजा, काखेत मारून आमच्या केजला आले. दोन ढोलवाले हाताशी धरून त्यांनी बँड उभा केला. वाजवायचे मात्र फक्त मार्च. बारसं असो की लग्न, सर्कशीत जनावरं आत येताना वाजतो तोच. तहसीलदारसाहेबांच्या स्वागतालाही तोच वाजवला, तेव्हा अर्धं गाव साहेबांच्या मागं वाकून हत्ती शोधत होतं. साहेब चिडले. मास्तर म्हणाले, "हुजूर, हत्तीला बी मी हाच मान देत होतो."

मी पुढं हैदराबादेत बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो. पण मास्तरांनी आमच्या दादाच्या लग्नात जे केलं, ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

दादाचा डावा पाय लहानपणापासून अधू. मुलगी चौसाळ्याची. सोयऱ्यांना पाय ठाऊक होता, गावाला नव्हता. तिथली रीत अशी की नवरदेवानं मारुतीपाशी उतरायचं आणि मांडवापर्यंत पायी जायचं. दुतर्फा माणसं उभी. दादा बैलगाडीतून उतरेचना.

"परत फिरा," एवढंच म्हणाला. वडील हात जोडायच्या बेताला आले. मुहूर्त जवळ आलेला.

मास्तर गाडीपाशी आले. "कामून उतरत न्हाईस रं?"

"लोकं हसतील, मास्तर. तुमचा बाजा एकीकडं, माझा पाय एकीकडं."

"सर्कशीत घोडं बाजावर नाचतंय असं वाटतंय व्हय तुला? त्याला काय कळतंय बाजातलं. आमी त्याचे पाय बघून वाजवतो. लोकांला उलटं दिसतं."

"म्हंजी मी घोडं?"

"घोडं असतास तर लई बरं झालं असतं. ते इतकं बोलत न्हाई. उतर."

दादाला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तो उतरला.

मास्तर त्याच्या पुढं उलटे चालू लागले, नजर त्याच्या पायांवर. मार्च तोच, पण एक ठोका लांब, एक आखूड. ढोलवाल्यांनी चारच पावलांत तो उचलला. पाराच्या पुढं गेलो तर सगळी वरात तशीच चाललेली, आमचे पैलवान मामासुद्धा डुलत होते. मीही. बघणाऱ्यांना त्यात अधू पाय कोणाचा ते कळायचं कसं? दादा मांडवात ताठ मानेनं शिरला.

पुढल्या साली लातूरकडं एक सर्कस आली आणि मास्तर तिच्याबरोबर गेले. आम्ही लई अडवलं. "इथं जनावरं न्हाईत," म्हणाले. पुन्हा त्यांची काही खबर आली नाही.

वहिनीला मी एकदा विचारलं, लग्नाच्या दिवशी आत बसून तुला काय वाटलं? ती भाकरी थापत होती.

"काय वाटायचं? भीती वाटत होती. मग बाजा जवळ आला. म्हटलं, ह्यो माणूस लई सावकाश येतोय, धसमुसळा नसणार. मग मी डोळे पुसले."

दादा चुलीपाशीच बसला होता. त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.